हिरव्या वेलाची बरणी

बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात दिघ्यांच्या घरी पाऊल टाकलं की आधी बरण्या दिसायच्या आणि मग माणसं. माणसं होतीच किती म्हणा. गुरुदत्त दिघे, त्यांची बायको कुमुदिनी, आणि लेक मालिनी, ती पुण्याला होस्टेलवर शिकत होती, म्हणजे दिवाळी आणि मे महिना सोडला तर नसायचीच. बरण्या मात्र वाढतच गेल्या. शोकेसवर, माळ्यावर, पलंगाखाली, एवढंच काय, देवघराच्या शेजारच्या कोनाड्यातसुद्धा. पाहुणा आला की पाय कुठे ठेवायचा ते आधी बघावं लागे.

लोक म्हणत, दिघ्यांना बरण्यांचं वेड आहे. ऐकून दिघे खूश होत. आता ही गोष्ट बरण्यांची म्हणून सांगितली जाते, ऐकणारेही बरण्यांसाठीच ऐकतात. पण ती आहे कुमुदिनीची. चार वर्षं ती सांगत होती की मला दुखतंय, आणि कुणी ऐकलं नाही, ही ती गोष्ट.

दिघे अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका रंगरसायनांच्या कारखान्यात लॅबचे प्रमुख होते. गेटातून ड्रम आत आला की त्यातलं सॅम्पल आधी दिघ्यांच्या टेबलावर. त्यांनी पास म्हटलं तर माल आत, नाहीतर आल्या पावली परत. भिडस्तपणा नाही, ओळखपाळख नाही. टेस्ट केल्याशिवाय दिघे सख्ख्या भावावरसुद्धा विश्वास ठेवणार नाहीत, असं कामगार हसून म्हणायचे.

ही सवय त्यांनी घरी बरण्यांच्या कामाला लावली होती. ऐंशीच्या सुमाराला घरोघरी प्लास्टिकच्या बरण्या यायला लागल्या. हलक्या, रंगीत, पडल्या तरी फुटत नाहीत. बायकांनी आजेसासूच्या वेळच्या चिनीमातीच्या बरण्या खुशाल भंगारात काढल्या, आणि दिघे त्या भंगारातून उचलायला लागले. खालून बदामी आणि वरून तपकिरी अशा लोणच्याच्या, निळी फुलं काढलेल्या, तळाला परदेशी शिक्का असलेल्या, आणि एक तर गळ्याभोवती शेपटी गुंडाळलेल्या अजगराची, ती कोकणातल्या कुठल्याशा बंदरावरून आली होती. पक्की भाजलेली बरणी नखाने टिचकी मारली की खणखणीत वाजते. कमी भाजलेली लाल मातीची बरणी बद्द आवाज करते, पण तिच्यावर रंगांचं काम सुरेख असतं. दिघे दोन्ही घेत. टिचकी मारून कान पुढे करून ऐकत बसत, आणि कुमुदिनी आतून म्हणे, "झालं का गाणं ऐकून? पान वाढलंय."

दिघ्यांच्या आईचा, सरस्वतीबाईंचा, एक नेम होता. घरात रिकामी बरणी ठेवायची नाही. नवी बरणी आली की धुवायची, उन्हात ठेवायची, चांगला दिवस बघून तिला हळदकुंकू लावायचं, तळाला मूठभर मीठ घालायचं आणि भरायची. आई गेली, नेम राहिला. दिघ्यांना तो फार आवडे. "बरणी कामात असली पाहिजे," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "शोभेला ठेवायची तर चित्र लावा की भिंतीवर."

बोलायला काय जातंय. जमवायच्या यांनी आणि भरायच्या तिने. कैरी चिरा, लिंबं पुसा, मिरच्यांचे देठ काढा, मीठ भाजा, तोंडाला पांढऱ्या फडक्याचा दादरा बांधा, दर आठवड्याला सोडून ढवळा, पुन्हा बांधा. एवढ्या लोणच्याला खाणारं कोण? दिघ्यांना ब्लडप्रेशर. डॉक्टरांनी मीठ तोडलेलं, लोणच्याचं तर नावच नको. मालिनी घरात नाही. वाटी-वाटी शेजारी जाई, थोडं पाहुण्यांच्या पानात. बाकीचं कुमुदिनी खाई. दुपारी एकटीच असायची. एकटीसाठी भाजी कोण करत बसतं? पोळी आणि लोणचं, झालं जेवण.

कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी दिघे उल्हासनगरला जात. कॅम्पात टेकूमल नावाचा एक सिंधी भंगारवाला होता. जुनी बरणी आली की तो बाजूला काढून ठेवी. एकदा दिघ्यांना त्याच्या गाळ्यात मागच्या फळीवर एक वेगळीच बरणी दिसली. लाल मातीची, पोटाला गोल, गळ्याला आखूड. वर काचेसारखी पिवळसर झिलई, आणि तिच्यावरून हिरवागार वेल खालपासून वरपर्यंत चढत गेलेला. पानाला पान. वेल आतल्या बाजूलाही उतरला होता, तोंडातून डोकावलं की तळापर्यंत हिरवं दिसे.

"वो बेचने का नहीं है, साईं," टेकूमल म्हणाला. "अम्मा सिंध से लायी थी. हम छोटे थे, हमारे कपड़े इसमें डाल के लायी."

दिघे त्या दिवशी रिकाम्या हाताने परतले. पण पुढच्या सुट्टीला गेले, त्याच्या पुढच्यालाही गेले. टेकूमलची निर्वासितांच्या वेळची बरॅक पाडून तिथे इमारत व्हायची होती. नव्या ब्लॉकात जागा कमी, आणि सुनेला जुनं मडकं घरात नको होतं. शेवटी त्यानेच ती बरणी गोणपाटात गुंडाळून दिघ्यांच्या हातात दिली. म्हणाला, "आप संभालोगे." त्याची अम्मा त्यात कपडे ठेवायची, नंतर दोरे आणि बांगड्या. खाण्याचं तिने त्यात कधी काही ठेवलं होतं का, हे दिघ्यांनी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. विचारावं असं दोघांच्याही मनात आलं नाही.

घरी आणून दिघ्यांनी तिची टेस्ट घेतली. प्रत्येक बरणीची घेत. काठोकाठ मिठाचं पाणी भरायचं, बाहेरून वर्तमानपत्राचा कागद चिकटवायचा, आणि आठवडाभर कागद ओला होतो का ते बघायचं. मातीतून पाणी पाझरलं तर बरणी नापास. हिरव्या वेलाची बरणी पास झाली. कागद कोरडा ठणठणीत. बरणीतून बाहेर काय जातं एवढंच या टेस्टमध्ये कळायचं. बरणीतून लोणच्यात काय उतरतं हे त्यात कळत नव्हतं, आणि दिघ्यांसारख्या माणसाला ते सुचलं नाही. का सुचलं नाही? बरणी स्वयंपाकघरातली वस्तू. कारखान्यात विष असतं, घरात नसतं, असं त्यांच्या मनाने ठरवून टाकलेलं होतं.

कुमुदिनीने ती बरणी बघितली आणि पदराने पुसली. तिला एरवी बरण्यांचा वैताग यायचा, पण ही तिला आवडली.

"ही असू दे की नुसती," ती म्हणाली. "किती सुरेख आहे. मी हिच्यात माझं विणकाम ठेवते."

"विणकाम? बरणी ती बरणी, कुमुद. लोणचं घालायचं तिच्यात. घराचं म्युझियम करायचंय का?"

"लाल मातीची आहे. फुटली-बिटली तर."

"टेस्ट घेतलीय मी."

"बरं," कुमुदिनी म्हणाली. तिच्या संसारात हा शब्द फार वेळा आला. तो वाचवला असता तर बरंच काही वाचलं असतं, पण तिच्या बाजूने उभं राहून तसं सांगणारं तिथे कोण होतं?

तर हळदकुंकू लागलं, मूठभर मीठ पडलं, आणि कुमुदिनीने त्यात लिंबं घातली. नुसतं मीठ आणि मिरची. वर्षभर मुरल्यावर दादरा सोडला, तर चव अशी की विचारू नका. गुळाचा खडा नाही, साखरेचा दाणा नाही, तरी आंबटपणा मवाळ झालेला आणि मागाहून जिभेवर गोडवा. शेजारच्या सुनंदावहिनी बोटं चाटून विचारत, "काय घातलंस गं?" कुमुदिनी म्हणे, "काही नाही बाई." आणि दिघे खुर्चीतून म्हणत, "बरणीचा गुण आहे तो."

गुणच होता. त्या झिलईत शिसं होतं. लिंबाचा आंबटपणा ते झिलईतून ओढून घेत होता, आणि शिसं आंबटात उतरलं की चव गोड लागते. हे रसायनशास्त्राच्या पुस्तकात आहे. दिघ्यांनी ते पुस्तक कॉलेजात पाठ केलेलं होतं, मार्कही चांगले पडले होते.

सत्त्याऐंशी साली कुमुदिनीचं पोट दुखायला लागलं. साधं दुखणं नव्हे. कुणीतरी आतडं हातात धरून पिळावं तसा पीळ पडायचा, ती ओट्याला धरून खाली बसायची, घामाने न्हाऊन निघायची. मग अर्ध्या तासाने उठून कुकर लावायची. पोट साफ होईना, भूक मेली, तोंडावरचा रंग उडाला. दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले ॲसिडिटी. मग म्हणाले गॅस, मग जंत, मग म्हणाले बाईंचं वय झालंय, पाळी जायची वेळ, असं होतंच. गोळ्यांच्या पुड्या बदलत गेल्या. घरकामाला येणारी भागीरथी म्हणाली, बाईंना नजर लागलीय, आणि मीठमोहऱ्या ओवाळून गेली. त्यातल्या त्यात तिनेच काहीतरी केलं म्हणायचं.

आणि दिघ्यांनी काय केलं? त्यांनी बायकोची सेवा केली. खोटं कशाला बोला, मनापासून केली. तोंडाला चव नाही, अन्न जात नाही, तर जुनं मुरलेलं लिंबू पोटाला चांगलं, हे त्यांना आईने शिकवलेलं. घरात एवढ्या बरण्या, पण सगळ्यात मवाळ लिंबू हिरव्या वेलाच्या बरणीतलं. कारखान्यातून आले की ते हातपाय धुवून स्वतः मऊभात करत, वर तूप घालत, त्यात ते लिंबू कुस्करत, आणि कॉटच्या कडेला बसून तिला घास देत. "दोनच घास. माझ्यासाठी." ती खाई. त्यांच्या हातचं म्हणून खाई. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती आणि नवरा असं पहिल्यांदाच भरवत होता.

कुमुदिनीचा थोरला भाऊ हेमचंद्र सुळे रोह्याला पोस्टात होता. तो बहिणीला बघायला आला, आणि आल्या आल्या तिची पिशवी भरायला लागला. "चार दिवस घेऊन जातो," म्हणाला. चार दिवसांचे तीन आठवडे झाले. पहिल्या आठवड्यात पीळ कमी झाले. मग ती जेवायला लागली, वहिनीबरोबर बाजारात जायला लागली. तोंडावर टवटवी आली. दिघ्यांना बरं वाटलं, आणि कुठेतरी टोचलंही. बदलापूरला परत आल्यावर महिन्याभरात पुन्हा पहिल्यासारखं. अन्न जाईना म्हणून दिघ्यांनी पुन्हा मऊभात केला.

पुढच्या वर्षी पुन्हा रोहा, पुन्हा टवटवी, पुन्हा बदलापूर, पुन्हा पीळ. आता डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. रिपोर्ट नॉर्मल, फोटो नॉर्मल, फक्त रक्त कमी. ते दिघ्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "माहेरी बऱ्या असतात ना? मग दुखणं पोटात नाही. मनात आहे. घरात काही ताण आहे का?"

दिघ्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. घरात ताण? मी हाताने भरवतो हिला, आणि घरात ताण? तो राग त्यांनी डॉक्टरांवर काढला नाही. डॉक्टरांवर कोण काढतं? तो त्यांनी घरी आणला.

दुसऱ्या खेपेला हेमचंद्र तिला सोडायला आला तेव्हा सुनंदावहिनीही बसलेल्या होत्या. कुमुदिनीने भावाला चहा दिला आणि तिथेच उभी राहिली. ती सहसा पाहुण्यांसमोर बोलत नसे. त्या दिवशी बोलली.

"दादा, मला इथे आलं की दुखतं. का ते मला कळत नाही. पण दुखतं. मी अजून थोडे दिवस तिकडे राहू का?"

हेमचंद्राने दिघ्यांकडे बघितलं. दिघे हसले. वाईट हसले.

"तिकडे शिरापुरी पचते," ते म्हणाले, "आणि इथे मऊभात पचत नाही. डॉक्टरांनाही विचारून आलोय मी. हेमचंद्रराव, हे दुखणं नाही. हे ढोंग आहे."

सुनंदावहिनी उठून गेल्या. हेमचंद्राने कप खाली ठेवला. तो काहीतरी बोलेल असं कुमुदिनीला वाटलं असावं, कारण ती त्याच्याकडेच बघत होती. तो म्हणाला, "कुमे, सांभाळून घे गं," आणि पिशवी उचलून एसटी गाठायला निघाला.

त्या दिवसापासून कुमुदिनीने दुखणं सांगायचं बंद केलं. पीळ पडला की ती मोरीत जाऊन बसायची आणि नळ सोडायची. दिघे म्हणाले, बघा, बोलून दाखवलं तर फरक पडला. शेजाऱ्यांनाही पटलं. ती विसरायला लागली, दूध उतू जायचं, बोलता बोलता थांबायची, कधी क्षुल्लक गोष्टीवरून भांडी आदळायची. लोक म्हणाले, डोक्यावर परिणाम झालाय बिचारीच्या. आणि दिघे भरवतच राहिले. रागाच्या दिवशीही भरवत. त्यात ते कधी चुकले नाहीत.

एक्क्याण्णवच्या हिवाळ्यात तिच्या हातातून लाटणं पडलं. उचलायला गेली तर उजवा पंजा मनगटातून खाली लोंबला, वर होईना. संध्याकाळपर्यंत तिला आकडी आली. मग मात्र दिघे घाबरले आणि तिला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

तिथे एका तरुण डॉक्टरने तिचा ओठ बोटाने वर केला आणि हिरड्यांकडे बराच वेळ बघितलं. दातांच्या मुळाशी निळसर काळी रेघ होती.

"बाई, तुम्ही कुठे काम करता? बॅटरीच्या कारखान्यात? रंगाच्या?"

"मी कुठे जाते? मी घरातच असते," कुमुदिनी म्हणाली.

"आणि तुम्ही?" डॉक्टर दिघ्यांकडे वळला.

दिघ्यांनी सांगितलं. ही शिशाची रेघ आहे, असं म्हणत डॉक्टरने त्यांना नखशिखांत न्याहाळलं. दिघे घाईघाईने म्हणाले की आमच्या कारखान्यात शिसं वापरत नाहीत. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा त्यात शिसं भरपूर होतं. डॉक्टर म्हणाला, "मग ते तुमच्या घरात आहे. शोधा. तुम्हीच केमिस्ट आहात."

दिघ्यांनी शोधलं. नळाचं पाणी, कुंकू, भिंतीचा रंग, कल्हईची भांडी, सगळ्यांची सॅम्पलं बाटल्यांत भरून ते कारखान्यातल्या लॅबमध्ये घेऊन गेले. सगळी स्वच्छ निघाली. मग बरण्यांतली लोणची नेली. चिनीमातीच्या बरण्यांतलं काही निघालं नाही. हिरव्या वेलाच्या बरणीतलं त्यांनी शेवटी ठेवलं होतं. त्यातलंच ते तिला भरवत होते ना.

लोणच्याचा रस त्यांनी जाळला, राख आम्लात विरघळवली, गाळली, आणि वर औषधाचा एक थेंब सोडला. नळीत पिवळं उतरलं, म्हणजे शिसं. हळदीच्या पाण्यासारखं, दाट. दिघ्यांनी पुन्हा केलं. पुन्हा पिवळं.

शेजारच्या टेबलावर हिरामण नावाचा त्यांचा असिस्टंट होता. त्याने नळीकडे बघून पेन उचललं. "साहेब, कुठल्या ड्रमचं आहे? रिजेक्ट लिहू?"

"घरचं आहे," दिघे म्हणाले.

हिरामणला कळलं नाही. दिघे नळी हातात धरून स्टुलावर बसले. किती घास, याचा हिशेब करायला मन धावत होतं, आणि ते मनाला आवरत होते. रोह्याचे आठवडे. बदलापूरचे महिने. तिकडे टवटवी, इकडे पीळ. एखाद्या पोराने पाटीवर मांडून दाखवावं इतकं सोपं होतं. आणि ती हे स्वतः उभी राहून सांगत होती, इथे आलं की दुखतं. अख्ख्या आयुष्यात यापेक्षा चांगलं निरीक्षण दिघ्यांनी दुसऱ्या कुणाचं ऐकलं नव्हतं. त्याला ते ढोंग म्हणाले होते.

हॉस्पिटलात इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं, उशीर झालाय, मूत्रपिंडं गेली आहेत, बघू. शिसं थोडं उतरल्यावर कुमुदिनीचं डोकं मात्र स्वच्छ झालं. एका दुपारी ती उशीला टेकून बसली होती, आणि दिघ्यांनी तिला सगळं सांगितलं. बरणी, झिलई, लिंबू, मऊभात. काही लपवलं नाही. ती पंख्याकडे बघत ऐकत होती.

"म्हणजे मी ढोंग करत नव्हते," ती म्हणाली.

"नाही."

"मलाच वाटायला लागलं होतं हो, की करत असेन. मोरीत बसले की वाटायचं, खरंच दुखतंय का आपल्याला, की हे म्हणतात तसंच आहे."

दिघ्यांना रडू फुटलं. तिने त्यांना रडू दिलं, समजूत घातली नाही. मग म्हणाली, "सांगा सगळ्यांना."

"कोणाला?"

"ज्यांना ढोंग म्हणून सांगितलंत त्यांना. आपल्या डॉक्टरांना. सुनंदाला. दादाला."

दिघे दुसऱ्याच दिवशी बदलापूरला आले. दवाखान्यात रांगेत बसून, नंबर आल्यावर आत जाऊन त्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी टेबलावरची पेनं सरळ केली. म्हणाले, तेव्हा रिपोर्ट नॉर्मल होते. सुनंदावहिनींना सांगितलं, तेव्हा त्या दारातच रडल्या, आणि मग हळूच विचारलं की आमच्या मुलांनी खाल्लं त्याचं काय. दिघे म्हणाले, वाटीभराने सहसा काही होत नाही, तरी रक्त तपासून घ्या. हे सांगताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण सांगितलं.

हेमचंद्राला सांगणं त्यांच्या जिवावर आलं. तो दोनदा हॉस्पिटलात येऊन गेला. दोन्ही वेळा दिघे त्याला खाली गेटापर्यंत पोचवायला गेले, आणि दोन्ही वेळा एसटीच्या वेळेबद्दल बोलून परत आले. संध्याकाळी कुमुदिनी विचारे, "दादाला?" ते म्हणत, "सांगतो." तिने तिसऱ्यांदा विचारलं नाही. मालिनी पुण्याहून येऊन आईपाशीच राहिली होती. एका मंगळवारी तिच्याच मांडीवर डोकं असताना कुमुदिनी गेली. दिघे औषधाच्या दुकानात उभे होते.

त्या बरणीचं पुढे काय झालं, असं लोक अजून विचारतात. फोडली का, पुरली का, दिसायला कशी होती. विचारणाऱ्यांना कुमुदिनी दिसायला कशी होती हे विचारावंसं वाटत नाही. बरणी हॉस्पिटलवाल्यांनी मागून घेतली, एवढंच.

अस्थी उल्हास नदीत सोडायचं ठरलं. मांजर्लीच्या बाजूला, नदी जिथे उथळ आहे तिथे, दिघे, मालिनी आणि हेमचंद्र सकाळी गेले. मालिनी चपला काढायला मागे राहिली, तेवढ्यात दिघ्यांनी बोलायला सुरुवात केली. आता थांबलो तर कधीच नाही, हे त्यांना कळलं होतं. त्यांनी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "ती ढोंग करत नव्हती, हेमचंद्रराव. ती खरं बोलत होती. मी तुमच्यासमोर खोटं बोललो."

आता हा माणूस आपली गचांडी धरेल, असं त्यांना वाटत होतं. तशी त्यांची तयारी होती. खरं सांगायचं तर त्यांना तेच हवं होतं.

हेमचंद्राने गचांडी धरली नाही.

"ती खरं बोलतेय, हे मला तेव्हाच ठाऊक होतं," तो म्हणाला.

आपल्याला नीट ऐकू आलं नाही, असं दिघ्यांना वाटलं.

"आमच्याकडे ती जेवायची, गुरुदत्तराव. हसायची. दुखण्याचं नावसुद्धा काढायची नाही. ढोंगी माणूस कौतुक करून घ्यायला माहेरी दुखणं सांगतं, ती तर विसरून जायची. दुसऱ्या खेपेला परत निघायच्या दिवशी सकाळी तिने आमच्या हिचा पदर धरला. म्हणाली, वहिनी, तिथे गेले तर मी मरेन. ही मला म्हणाली, राहू द्या तिला. पण मी म्हटलं, लोक काय म्हणतील. लेक परत आली म्हणतील. मी स्वतः तिला एसटीत बसवली. रडत होती, तर म्हटलं, शोभत नाही."

मालिनी दोघांच्या मागे येऊन उभी होती. ती केव्हा आली ते त्यांना कळलं नव्हतं. तिने दोघांच्या मधून पुढे होऊन दिघ्यांच्या हातातून आईच्या अस्थी घेतल्या, आणि म्हणाली, "तुम्ही दोघं इथेच थांबा." मग ती एकटीच पाण्यात उतरली.